जुन्या वस्तूंचा बाजार आणि ग्राहकाची अब्रू

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त करमाड येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



जालना रस्त्यावरचे बाजाराचे गाव, एवढीच करमाडची ओळख आता राहिलेली नाही. शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्राला अर्पण केलेली ऑरिक ही औद्योगिक नगरी गावाच्या शिवेला येऊन भिडली आहे. समृद्धी महामार्ग याच परिसरातून गेला आहे. दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येथे येतात, भाड्याची खोली घेतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि परततात. परतताना पंखा, लोखंडी पलंग, भ्रमणध्वनी, क्वचित मोटारसायकलही येथेच विकून जातात. ज्या गावात माणसांची ये-जा वाढते, त्या गावात जुन्या वस्तूंचा बाजारही वाढतो. त्यात काही वावगे नाही. वापरण्याजोगी वस्तू फेकून न देता दुसऱ्याच्या संसाराला लावणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. नव्या भांड्याच्या मोबदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण कोणाच्या आठवणीत नाही?

पण याच बाजाराची दुसरी बाजू शेतकऱ्याला विचारावी. विहिरीवरची मोटार रात्रीतून जाते. पंपाची केबल कापून नेली जाते आणि पुढच्या शेताच्या बांधावर तिचे वरचे आवरण जाळलेले सापडते. आतले तांबे गेलेले असते. रोहित्र फोडून त्यातले तांबे काढले तर वस्तीच्या वस्ती अंधारात जाते आणि ऐन पाणी देण्याच्या दिवसांत पिके वाळतात. चोर काही तांबे खात नाही. ते विकत घेणारा कोणीतरी असतो, म्हणून चोरी होते. चोराला पकडणे हे पोलिसांचे काम. पण चोरीचा माल खपू न देणे हे बाजाराचे, म्हणजेच समाजाचे काम आहे.

कौटिल्याचा बाजार

हा विचार नवा नाही. म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये 'अर्थशास्त्रा'ची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाच्या 'कंटकशोधन' नावाच्या चौथ्या अधिकरणात जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा स्पष्ट विचार आहे. कौटिल्य अशा मालाला 'पुराणभांड' म्हणतो. ज्याची मालकी सिद्ध झाली आहे असाच जुना माल बाजारात विकू किंवा गहाण ठेवू द्यावा, ही जबाबदारी तो संस्थाध्यक्ष या अधिकाऱ्यावर टाकतो. वस्तू हरवली किंवा चोरीला गेली, तर त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्यांना आधी कळवावे, आणि कळूनही ज्याने ती दडवली तो चोराचा साथीदार धरावा, अशीही त्याची व्यवस्था आहे. नकळत घेतलेली वस्तू परत करणारा व्यापारी मात्र दोषातून सुटतो.

धर्मशास्त्रातही अठरा व्यवहारपदांत 'अस्वामिविक्रय', म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, हे स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याची कसोटी नेमकी सांगितली आहे. लपूनछपून, अवेळी, अगदी क्षुल्लक किमतीला घेणारा संशयास पात्र ठरतो. ज्याने आपल्याला वस्तू विकली तो विक्रेता दाखवून दिला, की घेणारा शुद्ध होतो. वस्तू मूळ मालकाला मिळते आणि घेणाऱ्याला त्याचे पैसे विक्रेत्याकडून परत मिळतात. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. विक्रेता दाखवता येणे, हाच जुन्या मालाच्या दुकानातील नोंदवहीचा सारा अर्थ आहे.

आजचा कायदाही याच वाटेने चालतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे मूळ तत्त्व असे, की विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीची वस्तू दहा हातांतून फिरली तरी ती सहसा मूळ मालकाचीच राहते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली शिक्षा आहे. चोरीनंतर लगेच ज्याच्याजवळ माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा करता येत नाही, तो चोर असावा किंवा जाणून माल घेणारा असावा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. खुलासा करायचा तर कशाच्या आधारे? वहीच्या.

नोंद असली की तपास कुठवर पोहोचतो, हे १२ मार्च १९९३ नंतर देशाने पाहिले. मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर वरळीत एक मारुती व्हॅन सोडून दिलेली सापडली. तिच्यात शस्त्रे होती. नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीपर्यंत आणि तेथून मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. एका वाहनाचा मालक कागदावर होता, म्हणून एवढ्या मोठ्या कटाचे पहिले सूत्र हाती लागले. राष्ट्राच्या सुरक्षिततेपुढे वहीत दोन ओळी लिहिण्याचा त्रास तो काय, असे कोणाही देशभक्त नागरिकाला वाटेल आणि ते योग्यच आहे.

दोन महिन्यांचा आदेश

अडचण पुढे आहे. नोंद ठेवायला सांगणारे नियम आज कोणत्या स्वरूपाचे आहेत, ते पाहावे. मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात. जुन्या वाहनांचे विक्रेते, सिमकार्ड विकणारे, घर भाड्याने देणारे यांनी समोरच्याची ओळख पटवून नोंद ठेवावी, असे त्यांत म्हटलेले असते. हे आदेश पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतात. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. त्याखालील आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकत नाही. राज्य शासनाने ठरवले तर आणखी सहा महिने. म्हणून तोच आदेश पुन्हा पुन्हा काढला जातो. शिवाय करमाड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत नाही. येथे जिल्हा ग्रामीण पोलिसांचे ठाणे आहे आणि अशा आदेशाचा अधिकार जिल्हादंडाधिकारी व त्यांच्या हाताखालील दंडाधिकाऱ्यांकडे. शहरातला दुकानदार एका आदेशाखाली, वीस-बावीस किलोमीटरवरचा दुकानदार दुसऱ्या, किंवा कोणत्याच नाही. चोराला मात्र हद्द ठाऊक नसते, की फार चांगली ठाऊक असते, हे पोलिसांनाच विचारावे.

असा आदेश 'नोंद घ्या' असे सांगतो. ती नोंद कोणी, किती काळ, कोठे सांभाळायची, कोणाला दाखवायची आणि केव्हा नष्ट करायची, याविषयी सामान्यतः त्यात काही नसते. मग दुकानदार काय करतो? तो सर्वांत सोपे ते करतो. समोरच्याचे आधार कार्ड मागतो, त्याची झेरॉक्स काढतो आणि खणात टाकतो. हल्ली तेवढेही नाही. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो आणि ते त्याच्या लग्नाच्या, पिकाच्या, देवदर्शनाच्या छायाचित्रांत पडून राहते. वर्षभरात शेकडो लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा, आधार क्रमांक एका टपरीत गोळा होतात. दुकानदार प्रामाणिक असेल, पण खणाला कुलूप नसते. त्याच झेरॉक्सवर दुसऱ्याच्या नावे सिमकार्ड निघू शकते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे पाहण्याची सोय केंद्र सरकारला संचार साथीवर करावी लागली, ती उगाच नव्हे.

येथे काही जण म्हणतील, की खासगीपणा हे पाश्चात्त्य खूळ आहे; आपल्याकडे सगळे गाव एकमेकांना ओळखते. हे म्हणणे अर्धवट आहे. गाव ओळखते हे खरे, पण 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे याच गावाने म्हटले आहे. माणूस हौसेने जुनी वस्तू विकतो असे थोडेच असते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती घरांतली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, किती माउलींच्या गळ्यातले डोरले पेढीवर उतरले, याचा हिशेब कोणत्याही वहीत मिळणार नाही. तो सराफांच्या पोटात राहिला आणि त्यांच्याबरोबर गेला. चांगला सराफ कोण? ज्याचे वजन खरे आणि तोंड बंद, तो. लेकीच्या लग्नासाठी बैलजोडी विकणाऱ्या बापाची, नोकरी गेली म्हणून मोटारसायकल काढणाऱ्या कामगाराची अडचण चव्हाट्यावर येऊ न देणे, यालाच आपल्या भाषेत अब्रू राखणे म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही त्या निकालातून पुढे आली. एका जुन्या पंख्यासाठी माणसाचे अवघे ओळखपत्र ठेवून घेणे या प्रमाणात बसते का?

कौटिल्याचा दाखला देताना एक सावधगिरी हवी. त्याला खासगीपणाचा पुरस्कर्ता ठरवणे भाबडेपणाचे होईल. त्याचे गूढपुरुष घरोघरी, मठामठांत फिरत. पण जुन्या बाजाराच्या बाबतीत त्याने मालकी तपासायला सांगितली ती वस्तूची. माणसांचीच वही करण्याचे काम या देशात इंग्रजांनी केले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. त्यांची नावे नोंदली, बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी केली. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांना डांबले. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला. कागदावरून कलंक गेला तरी मनातून जायला वेळ लागतो. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभे केलेले काम याच मनांच्या दुरुस्तीचे आहे. भंगार गोळा करणारे, जुने लोखंड-पत्रा विकत घेणारे अनेक जण याच समाजांतले आहेत. गावात चोरी झाली, की पहिला संशय त्यांच्या पालावर जातो. नोंदवहीचा नियम करताना तो जात, जमात किंवा पंथ पाहून लावला जाणार असेल, तर आपण कौटिल्याच्या नव्हे, इंग्रजाच्या वाटेने चाललो आहोत. उलट ज्याच्याजवळ नीट वही आहे, त्या भंगारवाल्याला ती ढालीसारखी उपयोगी पडते. पोलीस आले, तर तो विक्रेता दाखवू शकतो.

वस्तूची पूर्ण, माणसाची पुरेशी

मार्ग अवघड नाही. नोंद वस्तूची पूर्ण असावी आणि माणसाची पुरेशी. जनावरांच्या बाजारात हे पूर्वापार चालत आले आहे. बाजार समितीच्या पावतीवर बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, वय लिहितात. विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आणि गाव लिहितात. बैल कोणता, याविषयी पुढे वाद राहत नाही. विकणाऱ्याला पैशांची गरज कशासाठी पडली, हे पावती विचारत नाही. १ जून २०२४ पासून राज्यात जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी कानातला बारा अंकी बिल्ला आवश्यक झाला. ही त्याच रीतीची पुढची पायरी.

भ्रमणध्वनीचेही तसेच. प्रत्येक यंत्राला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. चोरीचे यंत्र देशभर बंद पाडण्याच्या केंद्रीय व्यवस्थेचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रापासून झाला आणि मे २०२३ मध्ये ती संचार साथीच्या रूपाने सर्व देशासाठी खुली झाली. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आयएमईआय क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला, तर यंत्राची स्थिती कळते. ऑक्टोबर २०२५ मधील नियमदुरुस्तीने वापरलेल्या यंत्रांचा व्यापार करणाऱ्यांवर असा क्रमांक शासनाच्या यादीशी ताडून पाहण्याचे बंधन आणले. हे योग्य झाले, कारण यात तपासणी यंत्राची आहे. याच सुमारास, २८ नोव्हेंबरला, प्रत्येक नव्या यंत्रात संचार साथीचे अ‍ॅप सक्तीने घालण्याचा आदेश निघाला. लोकांची नाराजी दिसताच ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. तेही योग्यच झाले.

विकणाऱ्याने मात्र एक काळजी स्वतः घ्यायची आहे. जुने यंत्र विकताना त्यात घरातल्या लेकीसुनांची छायाचित्रे, बँकेचे संदेश, नातेवाइकांचे क्रमांक राहून जातात. छायाचित्र पुसले, म्हणजे ते कायमचे गेले असे नाही. आधी स्वतःची सर्व खाती त्या यंत्रातून बंद करावीत, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे आणि मग यंत्र मूळ स्थितीत आणून द्यावे. दुकानदाराने हे ग्राहकासमोर करून दाखवले, तर त्याच्या दुकानाची पत वाढेल.

वाहनांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे नोंद न झाल्याचा भुर्दंड विकणाऱ्यालाच बसतो. सही केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हाती देऊन मोकळे होण्याची सवय सर्वत्र आहे. २००७ मध्ये विकलेली एक गाडी अशीच हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, हे किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे, गाडी त्याच्या ताब्यात आल्याचे शासनाच्या संकेतस्थळावर कळवावे, गाडी रस्त्यावर काढली तर फेरीची नोंद ठेवावी, असे हे नियम आहेत. 'अधिकारपत्र दाखवा' असे म्हणणारा ग्राहक मात्र अजून तयार व्हायचा आहे.

आता उरला खणातल्या कागदांचा प्रश्न. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडे अनेकांचे डोळे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू होतील, अशी तरतूद आहे. पण हा कायदा संगणकीय स्वरूपातल्या, किंवा पुढे त्या स्वरूपात आणलेल्या माहितीपुरता आहे. आधार कार्डाचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र त्याच्या कक्षेत येते. खणातली झेरॉक्स कागदावरच राहिली तर येत नाही. म्हणजे करमाडच्या दुकानातल्या त्या कागदाचा वाली दिल्लीचा कायदा नाही. तो दुकानदारच आहे. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. ज्या वहीला हळदकुंकू वाहिले, तिच्यात लिहिलेले दुसऱ्याचे नाव ही ठेव आहे, एवढा भाव व्यापाऱ्याच्या मनात असला तर पुष्कळ काम होते.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा बारा वर्षे दूर होता. आधी समाज उभा राहिला, कायदा मागून आला. करमाडलाही राजधानीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुकानदारांनी मिळून एकच वही ठरवावी. तीत वस्तूचे वर्णन, तिचा क्रमांक किंवा खूण, किंमत, तारीख, विकणाऱ्याचे नाव, गाव आणि सही, एवढे पुरे. ओळखपत्र पाहावे, खात्री करावी, 'पाहिले' असे लिहावे आणि परत द्यावे. प्रत ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर आधाराचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी आणि तिच्यावर 'फक्त अमुक वस्तूच्या विक्रीसाठी' असे लिहून तारीख टाकावी. ठाण्याच्या प्रमुखांना तपासासाठी वही हवी असेल, तर लेखी आदेशाने ती मागवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमात आहे. तसा आदेश आला की वही विनातक्रार द्यावी. ओळखीच्या कोणी सहज म्हणून चाळायला मागितली, तर देऊ नये. तांब्याची तार, पंपाची मोटार, रोहित्राचे भाग रात्री दिवे लागल्यावर विकत घ्यायचे नाहीत, एवढा नियम गावाने पाळला तरी चोराचे अर्धे गिऱ्हाईक तुटेल.

हा मसुदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवता येईल आणि त्याची एक प्रत पोलीस ठाण्याला देता येईल. आज दुकानांत पडलेल्या जुन्या झेरॉक्स ज्याच्या त्याला परत द्याव्यात. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या, चार जणांसमक्ष फाडून जाळाव्यात. त्याआधी सर्व दुकानदारांची एक बैठक बोलवावी लागेल. तीत भ्रमणध्वनीचे आणि गाड्यांचे व्यापारी येतीलच, पण पालावरच्या भंगारवाल्यांनाही आवर्जून निमंत्रण हवे. ती बैठक दुपारी ठेवून चालणार नाही. हातगाडी घेऊन निघालेला माणूस दिवसभर वाड्या-वस्त्यांवर असतो; तो दिवेलागणीनंतरच गावात परततो.